टँकर एक, घागरी हजार: ढगातल्या थेंबांचा हिशेब

ऑगस्ट २०१५. मी माहेरी गेले होते. अंबाजोगाईच्या अलीकडे आमचं गाव. सोयाबीन घोट्याच्या वर सरकलं नव्हतं, दुपारी पानं माना टाकायची. ढग मात्र रोज यायचे. तीनच्या सुमाराला पश्चिमेकडून आभाळ भरायचं, गार वारा सुटायचा, आई दोरीवरचे कपडे काढायला धावायची, आणि दिवेलागणीपर्यंत सगळं विरून चांदण्या दिसायला लागायच्या.

त्या वर्षी सरकारनं मराठवाड्यासाठी कृत्रिम पावसाचा प्रयोग हाती घेतला होता. औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, रडार बसवलं होतं आणि विमान ढग शोधत फिरत होतं.

"तू सायन्स शिकवतीस ना गं?" तात्यांनी, माझ्या चुलत्यांनी, बांधावरून विचारलं. "ते इमान वर काय टाकायलंय?"

"बारीक कण टाकतात तात्या, मिठासारखे. त्यांच्यावर थेंब धरतात."

"आभाळात पाणी हाय की. मग कणाचं काय काम?"

तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. पुस्तकात "वाफ थंड झाली की ढग तयार होतात" एवढंच असतं आणि मीही वर्षानुवर्षं तेवढंच शिकवत आले होते. तात्यांच्या प्रश्नाचं खरं उत्तर लांबलचक आहे, आणि ते कळल्यापासून भरलेल्या आभाळाकडे मी वेगळ्या नजरेनं बघते.

सुरुवात एका बाटलीपासून करू. दोन लिटरची रिकामी प्लास्टिकची बाटली घ्या. तळाला दोन बोटं कोमट पाणी घाला, झाकण लावा, हलवा. आता बाटली दोन्ही हातांनी करकचून दाबा आणि एकदम सोडा. दाब सुटला की आतली हवा फुगते, फुगली की थंड होते. वाफेचं पाणी व्हायला हवं. पण बाटली आरपार दिसते, फार तर किंचित धूसर होते. मग उदबत्ती पेटवून विझवा, तिचा थोडासा धूर आत जाऊ द्या, झाकण लावा, पुन्हा दाबा आणि सोडा. बाटलीत पांढराशुभ्र ढग! दाबला की नाहीसा, सोडला की हजर. वाफ तीच, पाणी तेच, गारवाही तेवढाच. नवा आला तो फक्त धूर.

हा प्रयोग दीडशे वर्षांचा आहे. १८७५ साली पॉल-जाँ कुलिए या फ्रेंच शास्त्रज्ञानं काचेचा चंबू आणि रबरी फुगा वापरून हेच केलं. त्याला दिसलं की हवा कापसातून गाळून घेतली तर धुकं धरतच नाही. काही वर्षांतच स्कॉटलंडमध्ये जॉन एटकिननं स्वतंत्रपणे हेच शोधलं आणि पुढचं बरंच आयुष्य हवेतले कण मोजण्यात घालवलं.

वाफेचे रेणू एकमेकांना चिकटून इवलासा थेंब करू बघतात, पण तो इतका लहान आणि इतका गोल असतो की त्याच्या पृष्ठभागावरून पाणी लगेच निसटतं. थेंब जितका लहान तितकं निसटणं सोपं. त्यामुळे कणच नसलेल्या हवेत ढग करायचा तर आर्द्रता ३०० ते ४०० टक्क्यांच्या घरात न्यावी लागते. खऱ्या आभाळात असं कधी होत नाही. तिथे आर्द्रता १०० टक्क्यांच्या वर जेमतेम एखाद्या टक्क्यानं जाते, बऱ्याचदा तेवढीही नाही. एवढ्याशा जास्तीत थेंब धरायचा तर त्याला आयता पाया लागतो. हवेत तरंगणारा कण हा तो पाया. शास्त्रज्ञ अशा तरंगत्या कणांना एरोसोल म्हणतात, आणि त्यांतले जे ढगाचा थेंब धरू शकतात त्यांना मेघबीज म्हणायला हरकत नाही.

सगळेच कण हे करू शकत नाहीत. आषाढात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ते आठवा. आपण पाणी घातलेलं नसतं, मीठ ते हवेतून ओढून घेतं. हवेची आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की मिठाचा कण आपोआप विरघळून खारट थेंब होतो, आणि विरघळलेलं मीठ पाण्याला धरून ठेवतं, निसटू देत नाही. स्वीडनच्या हिल्डिंग कोहलरनं १९३६ साली ही ओढाताण गणितात मांडली: थेंबाचा गोलपणा पाणी बाहेर ढकलतो, विरघळलेलं मीठ ते आत खेचतं. कण पुरेसा मोठा आणि पुरेसा खारट असला तर खेचणारा जिंकतो. ताजी काजळी मात्र तव्याच्या बुडासारखी, पाणी अंगाला लागू देत नाही. काही दिवस हवेत राहून तिच्यावर इतर पदार्थांचा लेप बसला की तीही पाणी धरू लागते.

आपल्याकडे हे कण येतात कुठून? पावसाळ्यात अरबी समुद्रावरून लाटांच्या फेसातलं मीठ येतं, पण सह्याद्रीवर धो धो पाऊस पडतो तेव्हा त्यातलं बरंच धुऊन निघतं. पाणी घाटमाथ्यावर आणि कोकणात सांडतं, उरलेलं वारं आपल्या वाट्याला येतं. बाकीचे कण इथलेच. उन्हाळ्यात फुफाटा, नांगरलेल्या वावरातली माती, चुलीचा आणि वीटभट्टीचा धूर, गाड्यांचा धूर. परळीसारख्या औष्णिक केंद्रात कोळसा जळतो तेव्हा गंधकाचा वायू निघतो. तो हवेत फिरता फिरता सल्फेटचे बारीक कण होतो, आणि सल्फेट हे फार चांगलं मेघबीज आहे. म्हणजे ढगाचा थेंब नुसता समुद्रावर ठरत नाही, चिमणीवर आणि चुलीवरही ठरतो.

आता मोजायचं कसं, हा मला सगळ्यात आवडणारा भाग.

पत्र्याच्या भोकातून घरात कवडसा पडतो. त्यात नाचणारे कण आपण लहानपणापासून बघतो. पण ते या गोष्टीतले हत्ती आहेत. केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन धरली (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर), तर बहुतेक मेघबीजं ०.१ मायक्रॉनच्या आसपास असतात. केसाच्या रुंदीवर अशी सातशे बीजं ओळीनं मावतील. ती ना कवडशात दिसतात ना साध्या भिंगाखाली.

शहरांच्या हवेची बातमी येते तेव्हा "पीएम २.५ इतके मायक्रोग्रॅम" असं लिहिलेलं असतं. ते २.५ मायक्रॉनपर्यंतच्या कणांचं वजन आहे, एका घनमीटर हवेतलं. हवा गाळणीतून ओढायची आणि गाळणीवर साचलेलं तोलायचं. फुप्फुसांसाठी हा आकडा मोलाचा आहे, ढगासाठी मात्र फसवा. हिशेब करून बघा. २.५ मायक्रॉनचा एक कण ०.१ मायक्रॉनच्या कणापेक्षा २५ पट रुंद. म्हणजे आकारमानानं २५ गुणिले २५ गुणिले २५, साडेपंधरा हजार पटीहून जास्त. एका धुळीच्या कणाइतक्या वजनात पंधरा हजार मेघबीजं बसतात. वजनकाट्याला दोन्ही सारखेच. ढगाला मात्र एकीकडे एक थेंब दिसतो, दुसरीकडे पंधरा हजार. म्हणून ढगाचा अभ्यास करणाऱ्याला तोलून चालत नाही, मोजावं लागतं.

आणि न दिसणारी गोष्ट मोजायची युक्ती एटकिननं काढली ती ढगाकडूनच उसनी घेतलेली. त्यानं लहानशा ओल्या डबीत हवा घेतली, ती एकदम प्रसरण पावू दिली, प्रत्येक कणावर थेंब धरला, आणि ते थेंब चौकटी आखलेल्या काचेवर पडले की भिंगातून एकेक मोजले. कण दिसत नाही, पण त्याचा थेंब दिसतो. आजची कणमोजणी यंत्रं याच कल्पनेवर चालतात. पाण्याच्या जागी बहुधा ब्युटेनॉल या अल्कोहोलची वाफ वापरतात. ती अगदी बारीक कणावरही चढते, कण फुगून काही मायक्रॉनचा होतो, लेझरच्या झोतातून जाताना चमकतो, आणि प्रत्येक चमक म्हणजे एक कण. यंत्र सेकंदाला हजारो चमका मोजतं.

पण हे झाले सगळे कण. त्यांतले मेघबीज किती? त्यासाठीचं यंत्र फार देखणं आहे. एक उभी नळी. तिच्या भिंती आतून ओल्या, आणि वरून खाली हळूहळू जास्त गरम होत गेलेल्या. मधून हवा खाली सोडायची. भिंतीकडून मध्याकडे वाफही सरकते आणि उष्णताही. पण पाण्याची वाफ उष्णतेपेक्षा थोडी चपळ. मध्यावरच्या हवेला वाफ आधी मिळते, ऊब मागाहून, त्यामुळे तिथे वाफ जरा जास्त होते: ०.१ टक्का, ०.५ टक्का, जेवढी हवी तेवढी. वरच्या-खालच्या तापमानातला फरक बदलून ती ठरवायची. म्हणजे नळीत खऱ्या ढगाच्या तळासारखी अवस्था तयार होते. जे कण त्यात टिकून थेंब होतात तेवढेच खालच्या लेझरला मोठे दिसतात. समुद्रावरच्या स्वच्छ हवेत अशी बीजं घनसेंटिमीटरला शंभराच्या आसपास भेटतात, तर जमिनीवरच्या मळक्या हवेत हजारावर जातात.

या दोन आकड्यांचं काय होतं, ते मी वर्गात टँकरवरून सांगते. मराठवाड्यातल्या मुलांना टँकर समजावून सांगावा लागत नाही. वस्तीवर एकच टँकर आला आणि शंभर घागरी रांगेत असल्या तर प्रत्येक घागर काठोकाठ भरते. त्याच टँकरला हजार घागरी लागल्या तर प्रत्येकीत तळाशी पाणी. पाणी तेवढंच, कुणाचीच घागर उचलून नेण्याजोगी भरत नाही. ढगात वाफ हा टँकर, कण या घागरी.

आकड्यांत बघू. ढगाच्या एका घनमीटरमध्ये अर्धा ग्रॅम द्रव पाणी आहे असं धरू, ही अगदी साधारण गोष्ट आहे. ते घनसेंटिमीटरला १०० थेंबांत वाटलं तर प्रत्येक थेंबाचा व्यास सुमारे २१ मायक्रॉन येतो. १००० थेंबांत वाटलं तर सुमारे १० मायक्रॉन. दहापट कण, थेंब निम्म्याहून लहान. आणि ढगाच्या दुनियेत हा फरक फार मोठा आहे. २० मायक्रॉनचा थेंब स्थिर हवेत सेकंदाला सव्वा सेंटिमीटर खाली येतो. एक किलोमीटर उतरायला त्याला जवळजवळ दिवस लागेल. १० मायक्रॉनच्या थेंबाला चार दिवस. वाटेत तो केव्हाच सुकून जाईल. पावसाचा दोन मिलिमीटरचा थेंब मात्र सेकंदाला सहा-साडेसहा मीटर वेगानं, अडीच मिनिटांत खाली.

मग पाऊस होतो कसा? एक पावसाचा थेंब म्हणजे ढगातले सुमारे दहा लाख थेंब एकत्र आलेले. वाफ चढत चढत थेंब इतका मोठा व्हायला फार वेळ लागतो, ढगाचं आयुष्य तेवढं नसतं. थेंबांची टक्कर व्हावी लागते. काही थेंब जरा मोठे असले तर ते जरा वेगानं पडतात, वाटेतल्या लहानांना गिळतात, आणखी मोठे होतात, आणखी वेगानं पडतात. सगळेच सारखे बारीक असले तर कुणी कुणाला गाठत नाही. ते एकाच चालीनं तरंगत राहतात आणि संध्याकाळी ढग तळातून सुकायला लागला की हवेत मिसळून जातात. आमच्या त्या ऑगस्टमधल्या दुपारींचं हे एक संभाव्य कारण. एकमेव नव्हे. ढग फोफावायला खालून ओलावा लागतो, वर चढणारी हवा जोमाची लागते, आणि २०१५ मध्ये मुळात मान्सूनच दुबळा होता. टँकरच अर्धा आला तर घागरींना दोष देता येत नाही.

इथे एक सांगायलाच हवं, कारण आमच्याकडे ऊस आहे. ऊस तुटला की पाचट पेटवतात. १९६० च्या दशकात ऑस्ट्रेलियात वॉर्नर आणि टूमी या दोघांनी उसाच्या फडांच्या धुरात विमानातून मोजमाप केलं. वाऱ्यानं धूर जिकडे गेला तिकडच्या ढगांत थेंबांची संख्या वाढलेली आणि आकार घटलेला त्यांना आढळला. पुढे वॉर्नरनं जुन्या पावसाच्या नोंदी तपासल्या आणि ऊस वाढला तसा वाऱ्याच्या दिशेच्या गावांत पाऊस घटल्यासारखा दिसला. पण त्यानं स्वतःच नंतर आणखी नोंदी घेऊन पाहिलं तेव्हा धुरानंच पाऊस घटला असं ठामपणे म्हणता आलं नाही. मला या माणसाबद्दल आदर वाटतो तो याच जागी. थेंब लहान होतात हे मोजलेलं, सिद्ध. पाऊस किती कमी होतो हे दुसरंच कोडं, कारण पाऊस दर वर्षी आपल्या मनानंही कमी-जास्त होत असतो.

तात्यांनीही मला हेच विचारलं होतं, "म्हंजी आपल्या धुरानंच पाऊस गेला म्हणायचा का?" मी नाही म्हणाले. आपलं पाचट हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला जळतं, धसकटं वैशाखात. जमिनीलगतच्या हवेत कण साधारण आठवडाभर टिकतो. मृगापर्यंत तो धूर राहत नाही. वळवाच्या ढगांवर त्याचा परिणाम होऊ शकतो, श्रावणातल्या ढगांवर नाही. पाचट जाळू नये याची कारणं जमिनीत आहेत, ती पुरेशी सबळ आहेत. त्यासाठी पावसाची भीती घालायची गरज नाही.

पाऊस स्वतःच कण धुऊन काढतो हे तर आपण डोळ्यांनी बघतो. मे महिन्यात बालाघाटचे डोंगर राखाडी पडद्याआड असतात. मृगाची एक चांगली सर झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्यावरची झाडं मोजता येतील इतके जवळ वाटतात. याच पारदर्शकतेचं मोजमाप सूर्याकडे रोखलेल्या यंत्रानं होतं. वरून सूर्यप्रकाश किती निघाला, आणि खाली किती पोचला. मधे अडला तो मुख्यतः कणांनी. पुण्यात असं यंत्र आहे, उपग्रहही वरून हेच मोजतात. अडचण एकच: ढग आला की सूर्य झाकला जातो, म्हणजे ज्या दिवशी माहिती सगळ्यात हवी त्याच दिवशी ती मिळत नाही.

म्हणून माणसं ढगात जातात. महाबळेश्वरला ढगच जमिनीवर उतरतो, तिथे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं, आयआयटीएमनं, २०१२ मध्ये ढगांची प्रयोगशाळा उभारली. खिडकीबाहेर ढग, आत यंत्रं. बाकीच्या ठिकाणी विमान लागतं. २००९ पासून याच संस्थेची कायपिक्स ही मोहीम सुरू झाली. विमानाच्या पंखाखाली लेझरचे डोळे लावलेले असतात, ढगातून जाताना ते प्रत्येक थेंबाचा आकार टिपतात. विमान आधी ढगाच्या तळाखाली कण मोजतं, मग वर चढत चढत थेंब किती मोठे झाले ते बघतं. थेंबांची सरासरी त्रिज्या १४ मायक्रॉनच्या आसपास गेली की टकरींनी पाऊस धरायला लागतो असा अंदाज असतो. मळक्या हवेत थेंब एवढे मोठे होतात ती उंची वर सरकते. काही ढग तिथवर पोचतच नाहीत. जे जोमदार असतात ते मात्र पाणी घेऊन पाच किलोमीटरच्या वर, गोठणरेषेपलीकडे जातात, तिथे बर्फ धरतो आणि मग कोसळतात ते जोरात. म्हणजे तेच कण दुबळ्या ढगाचा पाऊस अडवू शकतात आणि दणकट ढगाचा आणखी धसमुसळा करू शकतात. बर्फासाठी लागणारे कण पुन्हा वेगळे, लाखो कणांत एखादा. त्यात आता शिरत नाही.

आता विमानातल्या पावडरीकडे. कण जास्त असल्यानं पाऊस अडतो, तर आणखी कण का टाकायचे? याचं उत्तर "केवढे" या शब्दात आहे. टाकायचे ते कण मोठे आणि पाण्याला हपापलेले, मिठाचे किंवा कॅल्शियम क्लोराइडचे. ते ढगाच्या तळाशी शिरताच आधी थेंब होतात आणि इतरांपेक्षा मोठे होतात. गिळणारा थेंब मिळाला की टकरी सुरू. रांगेत हजार घागरी असताना आडदांड हंडा घेऊन कुणीतरी शिरावं तसं. समुद्री मिठाचे मोठे कण निसर्गात हेच करतात.

हे चालतं का, हे ठरवणं सोपं नाही, कारण ज्या ढगात पावडर टाकली तो तसाही बरसला असता की नाही हे कसं कळणार? उपाय एकच, चिठ्ठी काढायची. १९७३ ते १९८६ या काळातल्या अकरा पावसाळ्यांत आयआयटीएमनं बारामतीच्या परिसरात दोन पट्टे आखले आणि कुठल्या दिवशी कुठल्या पट्ट्यावर मीठ फवारायचं हे चिठ्ठीवर सोडलं. हिशेबांती सरासरी २४ टक्के जास्त पाऊस दिसला. २०१८ आणि २०१९ मध्ये आपल्या धाराशिवला लागूनच, सोलापुरात, कायपिक्सनं पुन्हा चिठ्ठीच्या पद्धतीनं ढग निवडले. काहींत कॅल्शियम क्लोराइडच्या नळकांड्या जाळल्या, काही तसेच सोडले. वाऱ्याच्या दिशेला १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात सरासरी सुमारे १८ टक्के वाढ नोंदली गेली. हे आकडे योग्य ढगाचे आहेत. तळ ठीक उंचीवर, आत ओलावा भरपूर, हवा वर चढणारी. ढगच नसेल तर शून्याच्या १८ टक्के शून्यच.

गेल्या दिवाळीत हे सगळं तात्यांपुढे मांडलं. बाटली, उदबत्ती, टँकर, चिठ्ठ्या. बाटली त्यांनी स्वतः चार वेळा दाबून सोडून बघितली. मग बराच वेळ गप्प बसले.

"म्हंजी खाली घागरी किती हायेत ते बघून हंडा लावायचा की नाही ते ठरणार," ते म्हणाले. "पुढल्या बारीला इमान आलं तर इचारावं लागंल. टाकायच्या आदी मोजलं का म्हणून."